धूरच नाही!
आज पहाटे दादाची जुनी डिझेल पिकअप, मागे टोमॅटोचे कॅरेट भरलेले, जागची हलेना. स्टार्टर जोरात फिरतोय, इंजिन काही पकडत नाही. जमलेल्यांनी लगेच सांगून टाकलं, "नोझल गेले!" म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग बिघडले. (आपल्याकडे निदान आधी, तपासणी नंतर.)

मिस्त्रींनी मात्र आधी सायलेन्सर बघितला. पांढरा धूर असता तर डिझेल पोचतंय पण जळत नाही. इथे धूरच नाही, म्हणजे डिझेलच पोचत नाही. हातपंप मारून डिझेलच्या पाइपात अडकलेली एअर काढायला गेले, तर बुडबुडा एकही नाही, म्हणजे एअर नव्हतीच. मग चावी ऑन करून डिझेल पंपावरच्या सोलेनॉइडचा (करंट मिळाला की डिझेलची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) 'टक्' ऐकायला वाकले. आवाज नाही! बॅटरीवरून त्याला थेट १२ व्होल्ट दिले आणि गाडी एका सेल्फमध्ये सुरू. वायरचं टर्मिनल गंजून हिरवं पडलं होतं. पॉलिश पेपरवर काम भागलं.

लिलावात भाव काय मिळाला, ते दादाला अजून विचारलेलं नाही.