३१ डिसेंबरपर्यंत

२०२३ च्या ऑगस्टमधला सोमवार. चाकणच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिस सांभाळते. हजेरी, पगार, पीएफ, ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, सगळं माझ्याच टेबलावर. पहिली पाळी सुटल्यावर प्रेस शॉपमधले एक दादा उचलीचा अर्ज घेऊन आले. रक्कम ८०,०००. एवढी उचल आमच्याकडे मंजूर होत नाही, म्हणून कारण विचारलं.

"आईच्या पित्ताशयात खडे आहेत. ऑपरेशन करायचंय. खासगीत एवढं सांगितलं."

"ईएसआयला दाखवलंत का?"

"ते बंद झालं ना, मॅडम. एप्रिलपासून स्लिपवर कपातच नाही."

कपात बंद झाली होती, आणि ती मीच केली होती. जानेवारीच्या पगारवाढीच्या करारात त्यांचा पगार २०,८०० वरून २२,३०० झाला. ईएसआयसाठी महिन्याच्या पगाराची मर्यादा २१,००० ची. पगार मधेच मर्यादेवर गेला तरी ऑक्टोबर ते मार्च हा वर्गणीचा काळ संपेपर्यंत कपात चालूच ठेवावी लागते. त्याप्रमाणे मार्चअखेरपर्यंत त्यांचा पाऊण टक्का आणि कंपनीचे सव्वातीन टक्के भरले, एप्रिलमध्ये नाव काढलं. कागदोपत्री काही चुकलं नव्हतं. पण कपात थांबली म्हणून उपचार थांबत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

मी त्यांना बसवलं आणि हजेरी काढली. ऑक्टोबर ते मार्चमध्ये ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली की १ जुलै ते ३१ डिसेंबर उपचार मिळतात. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जून. म्हणजे पैसे आधी जातात आणि त्यांचा लाभ तीन महिने मागून चालत येतो. दादांचे दिवस दीडशेच्या वर भरले. घरच्या माणसांच्या यादीत आईचं नाव, फोटो, सगळं होतं. कागदावर ३१ डिसेंबर लिहून मी त्याभोवती गोल केला. ते बराच वेळ त्या कागदाकडेच बघत राहिले. मग अर्ज उचलून त्यांनी घडी घातली आणि खिशात ठेवला.

"आणि जानेवारीपासून?"

इथे माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. मर्यादेबाहेर गेलेल्यांना कंपनी ग्रुप मेडिक्लेममध्ये घेते. त्यात कामगार, बायको आणि दोन मुलं. आईवडील नाहीत. ईएसआयमध्ये कामगारावर अवलंबून असलेले आईवडील येतात, त्यांच्यासाठी वेगळा हप्ता नसतो आणि जुनं दुखणं आहे म्हणून कोणी थांबवत नाही. कराराच्या दिवशी गेटवर पेढे वाटले होते, मीही खाल्ला होता. दीड हजाराच्या वाढीत दादांची आई विम्याबाहेर जाते आहे, हा हिशोब ना युनियनने मांडला, ना कंपनीने. मांडायला हवा होता. मेडिक्लेमच्या नूतनीकरणात आईवडिलांचा हप्ता अर्धा कंपनीने भरावा, असं टिपण मी त्याच आठवड्यात वर पाठवलं. अजून उत्तर नाही, मी विचारणं सोडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादा ईएसआयचं पहचान कार्ड घेऊन त्यांच्या दवाखान्यात गेले. तिथून चिठ्ठी मिळाली, सोनोग्राफी पुन्हा झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि सप्टेंबरमध्ये ऑपरेशन झालं. चकरा पुष्कळ झाल्या, तीन सुट्ट्या गेल्या, पण बिल भरावं लागलं नाही.

दसऱ्याच्या आधी दादा पुन्हा टेबलाशी आले. "मॅडम, आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ३१ डिसेंबरच्या आत होईल का?"

"उद्याच जा," मी म्हणाले. "एक झाला की दुसऱ्याची तारीख लगेच मागा."

ते गेल्यावर मी त्या करारात २१,००० च्या वर गेलेल्यांची यादी काढली. अकरा नावं होती, त्यांतल्या सात जणांच्या कार्डावर आई किंवा वडील होते. दुसरी पाळी नुकतीच चढली होती. मी यादी घेऊन शॉपमध्ये गेले.