दहा मीटरच्या आतला खंड्या

पक्षी फांदीवर निवांत बसलाय म्हणजे फोकसची काळजी मिटली, असं होडीत बसलेल्या बऱ्याच जणांना वाटतं. पक्षी बसलेला असतो हो, होडी कुठे बसलेली असते? इंजिन बंद केलं तरी ओहोटी तिला ओढतच असते.

मी गोव्यात पाहुण्यांना कुठ्ठाळीच्या धक्क्यावरून झुआरी नदीत आणि तिथून कुंभारजुव्याच्या कालव्यात पक्षी दाखवायला नेतो. हा कालवा मांडवी आणि झुआरीला जोडतो. दोन्ही काठांना खारफुटी, चिखलात मगरी आणि नशीब असेल तर कॉलर्ड किंगफिशर. हा खंड्या खारफुटी सोडून फारसा कुठे जात नाही, म्हणून लोक लांबून त्याच्यासाठी येतात.

जानेवारीतल्या त्या सकाळी पुण्याचे एक काका आणि त्यांची मुलगी आले होते. काकांकडे जुना डीएसएलआर, त्याला १५०-६०० मिलीमीटरची झूम आणि मध्ये १.४ चा टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लांबचं १.४ पट मोठं दाखवणारी जोडलेन्स. मुलीकडे पक्ष्याचा डोळा आपणहून पकडणारा नवाकोरा मिररलेस. कुणाचा कॅमेरा बरा यावर बापलेकीची गाडीतच जुंपलेली दिसली. मी त्यात पडलो नाही.

नदीवर धुकं होतं. पहिली ब्राह्मणी घार डोक्यावरून गेली आणि काकांची लेन्स नुसती या टोकाहून त्या टोकाला खर्रखर्र फिरत राहिली. एफ ६.३ च्या लेन्सला १.४ चा कन्व्हर्टर लावला की एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड जातो, हातात उरतो एफ ९ (हा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी). काकांच्या बॉडीचा ऑटोफोकस एफ ८ पर्यंतच भरवशाचा. त्यात धुक्याने कडा पुसलेल्या. हा ऑटोफोकस लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमा जुळवून अंतर ठरवतो, त्याला धरायला कड तर हवी!

"काका, कन्व्हर्टर काढू या."

"अहो, त्याचेच तर पैसे जास्त दिलेत!"

तरी काढला. हलत्या होडीत हे काम म्हणजे कसरत. मांडीवर कोरडा पंचा पसरला, कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवलं, खाऱ्या वाऱ्याकडे पाठ केली, आधी लेन्स मग कन्व्हर्टर सोडवला आणि लेन्स परत बसवेपर्यंत कुणाला जागचं हलू दिलं नाही. मग फोकस कंटिन्युअसवर, म्हणजे बटण दाबलेलं असेपर्यंत तो सतत जुळत राहील असा, आणि पॉइंट एकच, मधला. काकांना मागच्या बटणाने फोकस करून अंगठा उचलायची सवय होती. मोल्याच्या जंगलात ट्रोगन पक्षी एका फांदीवर बसून राहतो तिथे ते चालतं. इथे अंगठा उचलला की होडी सरकते आणि फोकस मागे राहतो. "अंगठा दाबूनच ठेवा," हे मी दिवसभर जपासारखं म्हणत होतो. लेन्सवरचा लिमिटर, म्हणजे फोकसच्या अंतराला हद्द घालणारा खटका, 'दहा मीटर ते अनंत' वर टाकला, म्हणजे लेन्स जवळचं शोधण्यात वेळ घालवणार नाही. कालव्यातले पक्षी बहुधा त्याच्या पलीकडेच असतात.

बहुधा. ओहोटीने चिखल उघडा पडला, निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारायला लागल्या, आणि आमचा होडीवाला वल्हं पाण्यात रोवून हळूच म्हणाला, "मातशें राव. थंय पळे." म्हणजे जरा थांब, तिकडे बघ.

मुळांच्या जाळीत खंड्या बसला होता, चोचीत खेकडा. मुळावर आपटून आपटून त्याच्या नांग्या झाडत होता. होडी आपसूक सरकत गेली, आणि काका एकदम ओरडलेच, "गेला! कॅमेरा मेला माझा!" बटण दाबूनही लेन्स हूं की चूं करेना. पक्षी आता सात-आठ मीटरवर आला होता, लिमिटरच्या अलीकडे. मी हात घालून खटका पूर्ण पल्ल्यावर सरकवला आणि फोकसची रिंग हाताने जरा जवळ फिरवून दिली, नाहीतर लेन्स पुन्हा जगाची सैर करून आली असती.

"डोळ्यावर पॉइंट ठेवू ना?" काकांनी विचारलं. शिकवण तीच असते, पण या खंड्याचा डोळा काळा आणि तोही काळ्या पट्ट्यात. कॅमेऱ्याला तिथे काही दिसत नाही. मी म्हटलं, मानेवरचा पांढरा पट्टा निळ्या-हिरव्याला भिडतो ना, त्या कडेवर ठेवा. पक्षी आडवा बसलाय, डोळा जवळपास तेवढ्याच अंतरावर आहे. ६०० मिलीमीटरला एवढ्या जवळून जेमतेम चार-पाच सेंटिमीटर स्पष्ट येतं, पण आडव्या पक्ष्याला तेवढं पुरतं. खटाखट फोटो आले.

मुलीच्या कॅमेऱ्याचा डोळा पकडणारा फोकसचा चौकोन मात्र एका मुळाच्या गाठीला डोळा समजून तिथेच बसला होता. फोकसचा भाग लहान करून पक्ष्यावर ठेव म्हटल्यावर तिलाही फोटो मिळाले. खंड्या उडाला तेव्हा काकांच्या चौकटीत नुसती मुळं उरली. तिच्या चौकोनाने मात्र उघड्या पाण्यावर पक्ष्याला शेवटपर्यंत सोडलं नाही. मोकळ्या जागेत हे नवे कॅमेरे खरंच कमाल करतात, उगाच नाकारण्यात अर्थ नाही.

परतताना काका कॅमेऱ्याच्या पडद्यावर खेकड्याच्या नांग्या मोजत होते. "ही लेन्स विकून टाकू का हो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधी कन्व्हर्टर विका. आणि घरी गॅलरीच्या जाळीआडून कावळे काढा, सारखं अंतर बदलत, लिमिटरचा खटका न बघता सरकवत. बोटाला तो आंधळेपणी सापडायला हवा.

"कावळे? पुण्यात आता पारवेच आहेत," मुलगी म्हणाली.

पारवेही चालतील म्हटलं.