डोळ्यांना एक आवडली, हाताला दुसरी : तलवारीसाठी नाशिकची फेरी

आधी कबुली देऊन टाकतो, ही माझी दुसरी तलवार. पहिली चार वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवली होती. सोनेरी मूठ, लाल मखमली म्यान, पातं आरशासारखं लखलखीत. दसऱ्याला पूजेसाठी उपसायला गेलो तर मूठ हातात आली आणि पातं म्यानातच राहिलं. पात्याच्या बुडाला पेन्सिलीएवढा रॉड वेल्डिंग करून लावला होता, तो तुटलेला. त्यानंतर घरात कुठली वस्तू मोडली की बायको म्हणते, "तुमच्या तलवारीसारखी झाली."

पुन्हा हौस उसळली ती २०२५ च्या ऑगस्टमध्ये. नागपूरकर रघुजीराजे भोसल्यांची तलवार राज्य सरकारनं लंडनच्या लिलावातून ४७.१५ लाखांना मिळवली आणि ती मुंबईत आली. सरळ एकधारी पातं, म्हणजे फिरंग, आणि मुल्हेरी घाटाची मूठ. नावातलं मुल्हेर आपल्या बागलाणातलं, सटाणा तालुक्यातलं. पातं युरोपी घडणीचं, मूठ इथली. मला तशीच हवी होती, फक्त शून्यं कमी असलेली.

यंदा मे महिन्यात पहाटेच्या एसटीनं धुळ्याहून निघालो, साडेआठला नाशिकच्या द्वारका चौकात उतरलो. मामेभाऊ सिडकोत राहतो, तो गाडी घेऊन आला होता. आधी मिसळ, मग भांडी बाजार. तिथं आणि रविवार कारंजाच्या आसपास भिंतीवर लावायच्या ढाल-तलवारी दिसतात. भिंतीसाठी हव्या असतील तर खुशाल घ्या. पण हातात धरायची असेल तर एकच करा, मुठीला धरून पात्याच्या पाठीवर टिचकी मारा. खुळखुळ आवाज आला की खाली ठेवा आणि पुढं चला. मी चार ठिकाणी मारल्या, चारही खुळखुळल्या. एका दुकानदारानं विचारलं, "मडकं घेताय का?"

अकराच्या सुमारास अंबड एमआयडीसीत पोचलो. ज्यांच्याकडं गेलो ते काका एरवी कारखान्यांसाठी लहानसहान जॉब करतात. तलवारी करतात नाटकवाल्यांसाठी आणि शिवजयंतीच्या पथकांसाठी, त्याही ऑर्डरप्रमाणे. शेडवर पाटी नाही. औद्योगिक वसाहतीत साप्ताहिक सुटी रविवारीच असते असं धरून जाऊ नका, फोन करूनच निघा.

कोपऱ्यात ड्रममध्ये सात-आठ पाती उभी होती. स्प्रिंग स्टीलची, ट्रकच्या पाट्याच्या जातीची. शोभेच्या तलवारी बहुधा स्टेनलेसच्या असतात. त्या गंजत नाहीत, पण एवढ्या लांबीला तो धातू ठिसूळ ठरतो. काकांनी एक पातं उचललं, टोक फळीला टेकवलं आणि दाबलं. पातं धनुष्यासारखं वाकलं आणि सोडताच सुतासारखं सरळ झालं. "पाणी नीट बसलंय," ते म्हणाले. पाणी हा बोलायचा शब्द. प्रत्यक्षात पातं लाल तापवून तेलात बुडवतात आणि मग पुन्हा बेतानं तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. पाणीदार माणूस असं आपण म्हणतो ना, तसंच.

पात्यावरच्या लांब खोबणीला मी ऐटीत रक्तनाळ म्हणालो. काका हसले. रक्ताचा काही संबंध नाही म्हणे, त्या खोबणीनं वजन उतरतं आणि ताठपणा राहतो. त्यांनी तशाच, मधे पातळ असलेल्या लोखंडी गर्डरकडं बोट दाखवलं. मग मी पुढं फार बोललो नाही.

मग मुठी. मुल्हेरी घाटाची पिंजऱ्यासारखी मूठ मी फोटोत पाहूनच पसंत केली होती. हात आत घातला आणि बोटांची पेरं जाळीला घासायला लागली. माझा पंजा रुंद आहे. शिवाय पिंजरा जड, मनगट दोन मिनिटांत कुरकुरलं. काकांनी न बोलता दुसरी दिली, साधी, चकतीची मूठ, म्हणजे मागच्या टोकाला गोल चकती असलेली. ही बंद मुठीला घट्ट बसते, आणि मनगट फार वाकवलं की चकती टोचते. आधी वाटलं चुकलंय. काका म्हणाले, "दादा, कुऱ्हाडीगत मारू नका. हात बांधून ठेवा, खांद्यातून ओढा." ओढलं. चकती टोचायची थांबली आणि पातं आपोआप फिरलं. या मुठी ओढून कापण्यासाठीच घडलेल्या, हे मी वाचलेलं होतं, पण मनगटाला तेव्हा कळलं. पिंजरा तिथंच ठेवून दिला.

खरेदीला जाणार असाल तर दोन्ही प्रकार किमान पाच-पाच मिनिटं हातात धरा, आणि दुसऱ्याच्या हातानं अजिबात घेऊ नका. भावाला हीच मूठ सैल होत होती.

इंटरनेटवर युरोपी तलवारींची परीक्षणं वाचून गेलात तर एका जागी फसाल. तिकडं पात्याचं शेपूट, म्हणजे मुठीत शिरणारा बुडाचा भाग, मुठीतून आरपार जातं आणि टोकाला ठोकून पक्कं करतात. आपल्याकडच्या चकतीच्या मुठीत शेपूट आखूड असतं आणि ते लाखेनं बसवतात. जुन्या खऱ्या तलवारीही अशाच. त्यामुळं आखूड शेपूट म्हणजे लबाडी असं समजू नका, पेन्सिलीएवढा वेल्डिंगचा रॉड मात्र लबाडीच. काकांनी माझ्यासमोर लाख वितळवून मुठीत ओतली, पातं रोवलं आणि डोळा बारीक करून सरळ केलं. गार व्हायला चहाचे दोन कप लागले. वजन भरलं १ किलो १८० ग्रॅम, तोल मुठीपासून पाच बोटांवर. साडेनऊ हजार मोजले, म्यान धरून.

आता कायद्याचं, कारण यात हसण्यासारखं काही नाही. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्र नियम २०१६ च्या यादीत येतात. त्याशिवाय पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली वेळोवेळी शस्त्रबंदीचे आदेश काढतात. म्हणून धार लावून घेऊ नका, बिलावर 'शोभेची बिनधारी प्रतिकृती' असं लिहून घ्या आणि घ्यायच्या आधी आपल्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. मी विचारलं होतं. हवालदारांनी एकच प्रश्न केला, "केक कापणार नाही ना?" तलवारीनं केक कापून गुन्हे ओढवून घेतलेल्या पोरांच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतीलच. परत येताना रामशेजला जाऊन तिच्यासह फोटो काढायचा बेत होता. १६८२ पासून कित्येक वर्षं मोगलांना दाद न दिलेला किल्ला, तलवार तिथं शोभलीच असती. काकांनी एका वाक्यात बेत मोडला. "गडावर नागडी तलवार दिसली की आधी फोटो लोक काढतील, मग पोलीस." रामशेजला गेलो, तलवार डिकीत ठेवून.

तिथंच माझं चुकलं. दुपारचं ऊन आणि पायथ्याला तीन तास उभी गाडी. मग भावानंच धुळ्यापर्यंत सोडलं, कारण ती एसटीत न्यायची नव्हती. घरी पोचून मूठ धरली तर ती पात्यावर किंचित फिरली. छातीत धस्स झालं, चार वर्षांपूर्वीचा दसरा आठवला. काकांना फोन लावला. पलीकडून पहिलाच प्रश्न, "उन्हात ठेवली होती?" लाख तापली की मऊ पडते. पातं सरळ धरा, मूठ खाली करून रात्रभर गार फरशीवर उभी टेकवून ठेवा, असं त्यांनी सांगितलं. सकाळी मूठ पक्की झाली होती.

तेव्हापासून तिची जागा कपाटाच्या मागं, सावलीत. हाताळून झालं की घामाची बोटं पुसतो आणि शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवतो. खोबरेल लावू नका, ते चिकट होऊन बसतं. पावसाळ्यात म्यानाबाहेर ठेवायची, मखमल ओल धरते. दसऱ्याचं हळदकुंकू त्याच संध्याकाळी पुसायचं. सकाळी गच्चीवर दहा मिनिटं हात फिरवतो, शेजारच्या आजी तेवढा वेळ पापड आत नेतात.

चकतीचा मध्य आणि पात्याची पाठ यांच्यात मात्र अजून गव्हाच्या दाण्याएवढा फरक आहे. काका म्हणतात, घेऊन या, पाच मिनिटांचं काम. पावसाळा संपला की अंबडला एक फेरी आहे, या वेळी गाडी सावलीत लावून.