सावंतवाडी ते जुनं गोवं: सायबाच्या फेस्ताला पायी

सावंतवाडीच्या मिलाग्रीस कॅथेड्रलमधून 30 नोव्हेंबरला पहाटे निघालं, की 2 डिसेंबरच्या संध्याकाळी जुन्या गोव्यात पोचता येतं. अंतर साधारण 65 ते 70 किलोमीटर. संत फ्रान्सिस झेवियरचं, म्हणजे आमच्या सायबाचं, फेस्त (वार्षिक सण) 3 डिसेंबरला, आणि त्याआधी 24 नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. या दिवसांत सिंधुदुर्ग, बेळगाव, खानापूर, कारवार अशा सगळ्या बाजूंनी माणसं चालत येतात. आम्ही चालतो तो जुना मुंबई-गोवा रस्ता: इन्सुली घाट, बांदा, पत्रादेवी, मालपे, धारगळ, कोलवाळ, म्हापसा, पर्वरी, मग पणजी, रायबंदर आणि जुनं गोवं. वाटेत तेरेखोल, शापोरा आणि मांडवी या तीन नद्या ओलांडायच्या.

नव्याने येणाऱ्याशी आम्ही आधी नवसाबद्दल बोलतो, बुटांबद्दल नंतर. पोराला नोकरी लागली, आईचं ऑपरेशन नीट झालं, म्हणून ‘सायबा, तुझ्याकडे चालत येईन’ असं कुणीतरी बोललेलं असतं. बोललेलं पाळावं, यात वाद नाही. पण देवाने काम केलं आणि आता आपण पायांनी त्याचं देणं फेडतोय, असं मनात धरून निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी हमखास कोलमडतो. फोड दाखवत नाही, अंगातली कणकण लपवतो, सोबतच्या टेम्पोत बस म्हटलं की नवस मोडला म्हणून डोळ्यांत पाणी आणतो. कृपा विकत मिळत नाही, म्हणून तिचं देणंही उरत नाही. ती आधी मिळाली, म्हणून आपण चालतोय. हे निघण्यापूर्वी नीट समजलेलं असलं तर अर्धी दुखणी वाटेवर येतच नाहीत.

आणि खरोखरच चालणं झेपत नसेल तर चर्चच्या कायद्यातच सोय आहे. असा स्वतःहून केलेला नवस योग्य कारण असेल तर आपल्या धर्मग्रामाचे मुख्य फादर माफ करू शकतात, हे कॅनन 1196 मध्ये आहे. त्याच्या पुढच्या कलमाप्रमाणे नवस करणारा स्वतःच त्याच्याइतक्या किंवा त्याहून चांगल्या सत्कृत्यात तो बदलू शकतो. साखरेचा त्रास असलेल्यांनी, बायपास झालेल्यांनी आणि गरोदर बायांनी निघण्याआधीच फादरांना भेटावं. महामार्गाच्या कडेला बसून हा निर्णय घेऊ नये.

आता पायांबद्दल. बूट नवे नकोत. त्यांत आधी निदान पन्नास-साठ किलोमीटर चालून झालेलं असावं, आणि माप नेहमीपेक्षा थोडं सैल, कारण दुपारपर्यंत पाऊल सुजतं. जाड सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओली कातडी लवकर सोलते. पातळ, लवकर वाळणारे तीन जोड पुरतात. दर विसाव्याला मोजे काढून पिशवीला बाहेर अडकवायचे, दुसरे घालायचे. नखं निघण्याच्या चार-पाच दिवस आधी कापावीत. आदल्या रात्री कापलेल्या नखाची धार ताजी असते आणि इन्सुली घाट उतरताना ती शेजारच्या बोटात रुतते. उतारावर बुटाची नाडी घोट्याजवळ आवळून बांधली की पाऊल पुढे सरकत नाही, अंगठा बुटाच्या टोकाला आपटत नाही.

फोड येण्याआधी तिथे आग होते. तेव्हाच थांबलं तर पाच मिनिटांत काम होतं: पाय पुसून कोरडा करायचा, कागदी चिकटपट्टी एकही सुरकुती न ठेवता लावायची, कडा गोल कापायच्या. फोड आलाच तर कातडी सोलायची नाही. लहान आणि न दुखणारा असेल तर नुसता झाकायचा. मोठा होऊन पाऊल टेकू देत नसेल तर हात साबणाने धुवायचे, निर्जंतुक सुईने फोडाच्या कडेला, खालच्या बाजूला, दोन टोचे मारायचे, स्वच्छ गॉजने हळू दाबून पाणी काढायचं, वर मलम आणि पट्टी. ती कातडी हेच जखमेचं झाकण. ती ओढून काढली की पुढचे चाळीस किलोमीटर उघड्या मांसावर चालावं लागतं. मधुमेह असलेल्याचा फोड आम्ही फोडत नाही, त्याला सरळ दवाखान्यात नेतो.

गुडघ्याचं दुखणं बऱ्याच जणांना कळतच नाही. डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून आपण उजव्या कडेने चालतो, त्यामुळे उजवं पाऊल सतत किंचित खाली पडतं. पंधरा-वीस किलोमीटरनंतर गुडघा बाहेरच्या अंगाला ठणकायला लागतो. बाजूला सपाट मातीची पट्टी मिळेल तिथे तिच्यावर उतरावं. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर अकरा ते तीन डांबरावर पाय ठेवू नये. डिसेंबर असला तरी कोकणातलं दुपारचं ऊन तळवे भाजतं.

त्यामुळे दिवस पहाटे साडेतीनला सुरू होतो. साडेदहापर्यंत जेवढं चालता येईल तेवढं चालायचं, मग पेज, लोणचं, झोप, आणि चारनंतर पुन्हा रस्ता. पाणी तासाला साधारण अर्धा लिटर. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ती पूर्ण ओतली तर पाणी जास्त खारट होतं, मळमळतं, आणि पिणारा ‘मला सोसत नाही’ म्हणून पिणंच सोडतो.

जपमाळ हे आमचं अंतर मोजण्याचंही साधन आहे. पाच दशकांची (एक दशक म्हणजे दहा ‘नमो मारिया’) एक रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालता चालता मोठ्याने म्हणायला अठरा-वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात दीड किलोमीटर होतो. एकेका रोझरीत एक अशी आनंदाची, प्रकाशाची, दुःखाची आणि गौरवाची रहस्यं (येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग) ओळीने झाली की सहा किलोमीटर, म्हणजे विसावा. पुढच्या अर्ध्या लोकांनी ‘नमो मारिया’चा पहिला भाग म्हणायचा, मागच्यांनी दुसरा. गट पंधराच्या वर गेला की ट्रकच्या आवाजात मागच्यांना पुढचं ऐकू येत नाही आणि दोन्ही भाग एकमेकांवर आदळतात. तीस जण असतील तर दोन रोझऱ्या वेगवेगळ्या चालू द्याव्यात. लाकडी क्रूस दर दशकाला खांदा बदलतो. सहा-सात किलोचा क्रूस सुरुवातीला हलका वाटतो, म्हणून तरुण मुलं तो सोडत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी त्यांची मान वळत नाही. क्रूस दुसऱ्याला देणं हाही भक्तीचाच भाग आहे, हे त्यांना प्रेमाने सांगावं लागतं. पुलांवर मात्र कापडी बॅनर गुंडाळायचा. ट्रक गेला की वाऱ्याचा झोत त्यात भरतो आणि धरणारा रस्त्यात ओढला जातो.

सगळ्यांत पुढे गटातला सगळ्यांत सावकाश चालणारा माणूस. सगळ्यांत मागे चमकणारं जाकीट घातलेला, टॉर्च आणि औषधांची पिशवी असलेला अनुभवी माणूस. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. जोरात चालणाऱ्यांना पहिले काही तास हे जड जातं. पण एखाद्या म्हाताऱ्या बायच्या चालीने आपली चाल जुळवून घेतली की प्रार्थना आपोआप तिच्यासाठी होऊ लागते. एरवी घरातल्या, ऑफिसातल्या माणसांच्या मागे राहायची आपली तयारी नसते. वाट ती करून घेते.

पत्रादेवीला हुतात्मा स्मारकापाशी आम्ही थांबतो. 15 ऑगस्ट 1955 ला गोवा मुक्तीसाठी सीमा ओलांडणाऱ्या सत्याग्रहींवर इथे पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्यांच्यासाठी एक ‘हे आमच्या बापा’ म्हणूनच पुढे जायचं. पुढे गोव्यात रस्त्याकडेला पांढरे खुरीस, म्हणजे क्रूस, दिसू लागतात, आणि घरांच्या दारातून हाका येतात: पाणी घ्या, बसा जरा. बोलावणाऱ्यांत तुळशीवृंदावन असलेली घरंही बरीच. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मरियामातेला, लईराई देवीची बहीण मानणारा हा मुलूख आहे. अशा वेळी ‘नको, आहे आमच्याकडे’ म्हणायची शहरी सवय सोडावी. बाटली भरलेली असली तरी घोटभर घ्यावं. आपण काहीही केलेलं नसताना कुणी देतं आणि आपण हात पुढे करतो, एवढंच कृपेबद्दल शिकायचं असतं. संत पौल करिंथकरांना लिहितो, की शरीरातला काटा काढ म्हणून त्याने देवाला तीनदा विनवलं. काटा राहिला आणि कृपा पुरली. सुजलेल्या पायाने कुणाच्या ओट्यावर बसलं की ते पत्र समजायला लागतं.

पर्वरीहून बेतीला उतरून फेरीबोटीने पणजी गाठावी, मोठ्या पुलांच्या भानगडीत पडू नये. बोटीत बसलं तर पायी वारी मोडते, असं काहींना वाटतं. ज्याच्याकडे निघालोय तो संतच कितीतरी वेळा जहाजाने फिरला. पणजीहून रायबंदरचा जुना बांध लागतो, पोर्तुगीजांनी 1633-34 मध्ये बांधलेला, सुमारे तीन किलोमीटर. रस्ता अरुंद, गाड्या सतत. इथे एका ओळीत, रोझरी मनातल्या मनात.

बॉम जेझू बासिलिकाचं बांधकाम 1594 मध्ये सुरू झालं, 1605 मध्ये तिचं पवित्रीकरण झालं. गिलावा नसलेला लाल जांभा दिसला की पोचलो. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे पिशवीत वर ठेवावेत. संताचं शरीर जवळून दिसेल अशी आशा ठेवून आलेले हिरमुसतात, म्हणून आधीच सांगतो: चांदीची पेटी उंच संगमरवरी चबुतऱ्यावर असते. ती खाली आणतात ती दहा वर्षांनी होणाऱ्या दर्शन सोहळ्यात. मागचा सोहळा 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 असा झाला. ज्या उजव्या हाताने त्यांनी असंख्यांना बाप्तिस्मा दिला, त्याचा कोपरापासूनचा भाग 1614 मध्ये वेगळा केला गेला, तो आता रोममध्ये आहे. आणि फ्रान्सिस स्वतः चीनला निघाले होते, तिथे पोचलेच नाहीत. 1552 मध्ये किनाऱ्याजवळच्या सांचुआन बेटावर, शेहेचाळिसाव्या वर्षी, तापाने गेले. जे म्हापशापासून टेम्पोत बसून आले, त्यांना रांगेत उभं करताना आम्ही हे आवर्जून सांगतो.

फेस्ताच्या मिस्साला (मुख्य उपासनेत) ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र भाकर, घ्यायचं तर एक तास आधी खाणं थांबवावं. पाणी आणि औषध चालतं, आणि आजारी व वयस्कर माणसांना ही अट नाही. उपाशीपोटी उन्हात उभं राहून चक्कर येण्यात पुण्य नाही. पहाटेच पाव-भाजी खाऊन घ्यावी. पापनिवेदन आधीच्या संध्याकाळी केलेलं बरं. सकाळी रांगा लांबतात आणि मागे माणसं खोळंबली की मनातलं नीट बोलता येत नाही.

परतीला करमळी स्टेशन जवळ पडतं, तिथून कोकण रेल्वेने सावंतवाडी रोड. घरी पोचल्यावर दोन दिवस पाय उंच ठेवून झोपावं, फोडाच्या पट्ट्या रोज बदलाव्यात, लाली वर चढताना दिसली तर डॉक्टर. वाटेत ज्यांनी पाणी, जागा, पेज दिली, त्यांची यादी गटात वही सांभाळणाऱ्याने पुढच्या रविवारच्या आत फादरांकडे द्यायची, म्हणजे मिस्सात त्यांच्यासाठी प्रार्थना होते. नाव माहीत नसेल तर ‘धारगळच्या चढावरचं चहाचं दुकान’ असं लिहिलं तरी चालतं.