टर्बो लावताय, मग वायरिंग नव्यानं कशाला?

माझ्याकडे वायरिंगसाठी पोरं वाळूजहून येतात, जालन्याहून येतात, कधी थेट लातूरहून. गाडी बहुतेक जुनी एस्टीम नाहीतर झेन. डिझेल गाडीचा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) भंगारातून उचललेला, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) म्हणून अर्डुइनो मेगा या सर्किट बोर्डवर चालणारा स्पीडुइनो घेतलेला. आणि प्रश्न ठरलेला: "काका, जुनं वायरिंग आहेच की. चार जोड मारून द्या ना. नुसत्या वायरीला एवढे पैसे कशाला?"

प्रश्न रास्त आहे. पै-पै जमवून गाडी उभी करणाऱ्यानं तो विचारलाच पाहिजे. माझं म्हणणं असं की टर्बो लहान घ्या, रंगकाम पुढच्या वर्षावर टाका, पण इंजिनचा हार्नेस, म्हणजे वायरिंगची अख्खी जुडी, नवा करा.

फ्युएल पंपाचंच बघा. टर्बोनं मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) १ बार, म्हणजे साधारण वातावरणाइतका, जादा दाब दिला, की इंजेक्टरमधून पेट्रोल पूर्वीसारखं जायला इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलमधला दाबही १ बारनं वाढवावा लागतो. दाब वाढला की पंप जास्त करंट ओढतो, समजा १२ अँपिअर. आता बॅटरीपासून मागच्या टाकीपर्यंत ४ मीटर वायर, तीही १ एमएमची (म्हणजे १ चौरस मिलिमीटर छेदाची). तांब्याच्या अशा वायरीचा रोध मीटरला साधारण १८ मिलिओहम. म्हणजे जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच गेले. अर्थची (मायनसची) वायर तितकीच बारीक आणि लांब असेल तर तिकडेही तेवढेच. जुन्या कपलरची (वायरी जोडणाऱ्या प्लगची) गंजलेली पिन आणखी थोडे खाते. साडेतेरा व्होल्टच्या जागी साडेअकरा मिळाले की पंप मंदावतो, आणि मंदावतो नेमका फुल बूस्टला, म्हणजे टर्बोचा दाब पूर्ण असताना, इंजिनला पेट्रोल सगळ्यात जास्त लागतं तेव्हा. मिश्रण लीन होतं (हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं), नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी भडका) सुरू होतं, पिस्टन जातो. दारात आयडलला उभ्या गाडीत यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. अडीच एमएमची वायर, पंपाजवळ रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), बॅटरीजवळ फ्यूज: याचा खर्च पिस्टनपुढे किती, तुम्हीच बघा.

सेन्सरचं दुखणं वेगळं. मॅप (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा), कूलंट, थ्रॉटल या सगळ्यांचा अर्थ थेट ईसीयूकडे परत न्यायचा. सोपं पडतं म्हणून बॉडीला मारला, की कॉइलच्या आणि पंपाच्या करंटनं तिथला व्होल्टेज हलतो आणि सेन्सरचं रीडिंगही हलतं. ३ बारच्या मॅप सेन्सरवर ०.१ व्होल्टचा फरक म्हणजे ६ किलोपास्कलच्या आसपास चूक. क्रँक सेन्सरला पीळ दिलेली शिल्ड वायर (वरून धातूचं वेष्टण असलेली) घ्यायची आणि शिल्ड फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ करायची. दोन्ही टोकांना केली की त्या शिल्डमधूनच करंट फिरायला लागतो.

वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना आला, मागोमाग सुटे भाग करणारे आले. अशाच एका जॉबवर्कवाल्याकडे मी हार्नेस शिकलो. तिथली एक गोष्ट आजही तशीच करतो. आधी इंजिनवर सुतळी फिरवून लांबी घ्यायची, मग ती प्लायवूडवर काढून खिळे ठोकायचे आणि वायरी तिथे ओढायच्या. माउंटवर इंजिन हलतं, म्हणून फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी) ढील ठेवायची.

आणि वायरीच्या टोकाची, कपलरमध्ये बसणारी पिन. हातात घेऊन नीट बघा, तिला पाकळ्यांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी उघड्या तांब्याला धरते, मागची वायरीच्या कोटिंगला. चांगल्या क्रिंपरनं (पिन दाबायच्या हत्यारानं) दाबलं की पुढच्या पाकळ्या आत वळून तांब्यात रुततात. दाबल्यावर ओढून बघायचं, निसटली तर टाकून द्यायची. आपल्याकडे पुष्कळ जण मजबुती म्हणून वर सोल्डर ओततात. सोल्डर तारांमधून वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो, आणि कंपनानं वायर बरोबर त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. पक्कडीनं चेपलेल्या पिनेबद्दल तर बोलायलाच नको.

आपल्या मराठवाड्यातला मे महिना तुम्हाला सांगायला नको. बाहेर ४२ अंश, बॉनेटखाली लालभडक टर्बो. तिथे साधी पीव्हीसी वायर कडक होऊन तडकते. १२५ अंश सोसणाऱ्या एक्सएलपीई कोटिंगची वायर घ्या, आणि तीही एक्झॉस्टपासून लांबून न्या. विमानाच्या दर्जाची टेफझेल नाही घेतली तरी चालतं.

बचत करायचीच तर जागा आहेत. कपलर भंगारातल्या गाडीचे वीतभर वायरीसकट कापून आणा, रिले बॉक्सही तसाच. महागड्या स्लीव्हऐवजी हार्नेसची कापडी टेप गुंडाळा. क्रिंपर मात्र स्वस्तातला नको.

एक सांगून ठेवतो: मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे. आरसीवरच्या नोंदींत फरक पडेल असे बदल करून गाडी रस्त्यावर काढता येत नाही. अशी गाडी ट्रॅकसाठीच ठेवा.

हार्नेस बसल्यावर लगेच स्टार्टर मारू नका. ईसीयूचा प्लग काढून ठेवा, चावी ऑन करा आणि मल्टीमीटरनं एकेक पिन तपासा. मग प्लग जोडा, पंप चालू करा. एक प्रोब बॅटरीच्या प्लसला, दुसरा पंपाच्या प्लसला. नंतर तसंच दोन्ही मायनसवर. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर बूस्टचं नाव काढू नका, आधी ती वायर उलगडा.