नकाशा मालिका: तारे की अशोकस्तंभ?

नकाशा मालिकेचा, म्हणजे भारताचा नकाशा असलेल्या १९५७ च्या टपाल तिकिटांचा, ढीग एकदाचा हलला! पाकिटांच्या कागदाला चिकटलेल्या वापरलेल्या तिकिटांचा एक ऑन-पेपर लॉट घेतल्याचं मागे लिहिलं होतं; त्यातली ५ नये पैसेवाली (नये पैसे म्हणजे तेव्हाचा नवा दशमान पैसा) हिरवी तिकिटं भिजवून, सुकवून, दाबून कधीचीच तयार होती. गाडी अडली होती ती वॉटरमार्कवर, म्हणजे कागदातच उमटवलेल्या पुसट नक्षीवर. १ एप्रिल १९५७ ला आलेल्या तिकिटांच्या कागदात तारे, १९५८ पासूनच्या छपाईत अशोकस्तंभ. पुढून पाहिलं तर डावं-उजवं काही कळत नाही.

कोऱ्या तिकिटाला फारसा त्रास नाही. वापरलेल्याचं तसं नसतं. काळ्या ट्रेमध्ये तिकीट पालथं घालून वर वॉटरमार्क दिसावा म्हणून फ्लुइड सोडलं की आधी शिक्क्याची मागे उतरलेली शाईच वर येते. त्यात डिंकाचा पापुद्रा राहिला असेल तर तोही चमकतो. अर्धवट दिसणारा अशोकस्तंभ आणि ताऱ्याचं टोक यांत डोळा हमखास फसतो. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून पाहिला, स्कॅनरवर काळा कागद ठेवून कॉन्ट्रास्ट ताणला; न ओळखलेल्या तिकिटांचं ‘शंकास्पद’ पाकीट काही रिकामं होईना.

वाट सापडली ती शिक्क्यांत. ज्या तिकिटावर १९५७ ची तारीख स्वच्छ वाचता येते, ते ताऱ्यांचंच असणार, कारण अशोकस्तंभाचा कागद तेव्हा आलाच नव्हता. (उलटं खरं नाही. पोस्टात जुना साठा पुढेही खपत होता, त्यामुळे १९५९ च्या शिक्क्यावरून काही ठरत नाही.) दुसऱ्या बाजूला अशोकस्तंभ स्वच्छ दिसणारं एक कोरं तिकीट. म्हणजे दोन्हीकडचा खात्रीचा नमुना हाताशी आला. आता ट्रेमध्ये डावीकडे १९५७ चं, उजवीकडे ते कोरं आणि मधे शंकेचं, अशी तिन्ही एकदम भिजवतो. फ्लुइड उडू लागतं त्या क्षणी नक्षी सगळ्यात ठळक होते, नजर तेवढ्यात फिरवायची. पाकीट भराभर उतरतंय!

फ्लुइडबद्दल एक सांगतो. वॉटरमार्कसाठी म्हणून महाग बाटली मिळते तिची गरज नाही, साधं लायटर फ्लुइड तेच काम करतं. खिडकी उघडी ठेवा, जवळ आच नको. चिमटा मात्र चपट्या रुंद टोकाचाच घ्या. अणकुचीदार टोकाने ओलं तिकीट फाटतं.

लॉट ‘न चाळलेला’, म्हणजे आधी कुणी चांगली तिकिटं न वेचलेला, म्हणून विकला गेला होता. त्यात ५० आणि ७५ नये पैशांचं, म्हणजे मोठ्या मूल्याचं, एकही तिकीट निघू नये, हे पटत नाही. त्या विक्रेत्याकडून पुन्हा घेणार नाही. तरी चाळणाऱ्याच्या नजरेतून दोन गोष्टी सुटल्या. एक, ‘लाओस’ असं देवनागरी छापलेलं, इंडोचायनातल्या युद्धबंदीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगातल्या आपल्या जवानांसाठीचं तिकीट. दुसरं साधंच ५ नये पैसे, पण त्यावर मिरजेचा गोल शिक्का नेमका मधोमध बसलाय, जून ५७, तारखेचा आकडा न् आकडा वाचता येतो. त्याच्यावरून नजर हटत नाही.

आणि त्यानेच बेत बदलला. डुप्लिकेट शेकड्याने अदलाबदलीला काढणार होतो, ते थांबवलंय. आधी १९५७ चे सगळे वाचनीय शिक्के बाजूला काढायचे आणि आपल्या गावांचं एक पान लावायचं, एप्रिलपासून महिन्याच्या क्रमाने, नव्या पैशाचं पहिलं वर्ष म्हणून. लिहिता लिहिताच सुचतंय: महिन्यांऐवजी विभागांनी लावलं तर? १ नोव्हेंबर १९५६ लाच मराठवाडा आणि विदर्भ मुंबई राज्यात आले होते, त्यामुळे नांदेड, नागपूर, मिरज एकाच राज्याच्या पानावर शोभतील. हेच करतो. मराठवाड्याची बाजू अजून पूर्ण कोरी आहे.

तर अदलाबदल अशी: माझ्याकडे ५ नये पैसे अशोकस्तंभ भरपूर, तपासलेले. बदल्यात परभणी, बीड, उस्मानाबाद यांपैकी कुठलाही १९५७ चा शिक्का, मूल्य कोणतंही चालेल. कोपरा दुमडलेला असला तरी घेईन, तारीख तेवढी वाचता यायला हवी.