तुम्ही विचारलेत म्हणून : नेट होऊनही पीएच.डी.ला प्रवेश का नाही?

‘नेट झाली आहे, एम.ए.चे गुण चांगले आहेत, इतकी वर्षे तासिका तत्त्वावर इतिहास शिकवता आहात, मग पीएच.डी.ला अजून प्रवेश कसा घेतला नाही?’ हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये विचारला जातो, लग्नकार्यात विचारला जातो आणि आता माझे माजी विद्यार्थीही विचारू लागले आहेत. त्यामागे बहुतेक वेळा आपुलकी असते, हे मला ठाऊक आहे. परंतु ‘गाइड मिळाले नाहीत’ एवढे उत्तर दिले की समोरच्या माणसाला ती सबब वाटते, आणि त्याहून अधिक काही सांगायला लागले की त्याचे लक्ष उडते. म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे.

प्रवेश परीक्षा ही माझी अडचण कधीच नव्हती. नेट, म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, झाली असली की पेटमधून, म्हणजे विद्यापीठाच्या पीएच.डी. प्रवेश परीक्षेतून, सूट मिळते. गाडे अडते ते मार्गदर्शकापाशी. नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. ही मर्यादा योग्यच आहे, कारण एका मार्गदर्शकाच्या नावावर वीस-वीस प्रबंध नोंदवून कोणाचेही भले होत नाही. मात्र इतिहास, मराठी, तत्त्वज्ञान अशा विषयांचे शिक्षक निवृत्त होत जातात, त्यांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत, आणि मग मर्यादा तीच राहून मार्गदर्शक तेवढे कमी होतात. त्यात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या शिक्षकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. ज्यांच्याकडे मी मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, वाचायला बसत असे, त्या सरांच्या सेवेची जेमतेम दोन वर्षे उरली होती. ज्या दुसऱ्या बाईंना मोडी येत होती, त्यांच्याकडच्या चारही जागा भरलेल्या होत्या.

माझा विषय अठराव्या शतकातील महजरांचा आहे. वतनाचा, म्हणजे वंशपरंपरागत हक्काचा, वाद गोतसभेपुढे, म्हणजे गावकऱ्यांच्या आणि वतनदारांच्या न्यायसभेपुढे, आला की दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून जो निवाडा लिहिला जाई, तो महजर. हजर असलेल्यांची नावे त्यात येतात आणि लिहिता न येणाऱ्यांची निशाणीही येते. पाटलाची निशाणी नांगर असते. बाईची निशाणी म्हणून काही कागदांवर बांगडी काढलेली असते. वतनावर हक्क सांगणारी विधवा सभेत काय बोलली, तिच्या बाजूने कोण उभे राहिले आणि तिचे बोलणे लेखकाने तिच्याच शब्दांत घेतले की आपल्या, हे मला पाहायचे आहे. त्यासाठी मूळ मोडी कागद वाचावे लागतात. मोडीत आधी शिरोरेघ ओढून मग खाली सलग लिहीत जातात, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, त्यामुळे एका ओळीवर कधी कधी अख्खी सकाळ जाते. ही सवय मी पगाराविना, सुट्ट्यांमध्ये, स्वतःच्या खर्चाने लावून घेतली आहे.

पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखतीला मी एका महजराची छायाप्रत आणि तिचे देवनागरी लिप्यंतर घेऊन गेले होते. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी ते दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. बांगडीच्या निशाणीवर बोट ठेवून ‘ही कोण?’ असे त्यांनी विचारले, आणि मी सांगू लागले तसे ते खरोखर ऐकत राहिले. त्या चार-पाच मिनिटांत मला वाटले की काम झाले. मग त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवले आणि म्हणाले, ‘बाई, विषय उत्तम आहे. पण तुम्हाला मार्गदर्शन कोण करणार? आणि उद्या प्रबंध आला, तर तो तपासणार कोण?’ मी दुसऱ्या विद्यापीठातील, मोडी जाणणाऱ्या एका प्राध्यापकांचे नाव सहमार्गदर्शक म्हणून सुचवले. मुख्य मार्गदर्शक विषयातलाच हवा, असे उत्तर मिळाले. त्यानंतर त्यांनी एक जागा देऊ केली. आधुनिक कालखंडाच्या एका मार्गदर्शकांकडे ती रिकामी होती. मी जिल्ह्यातील सहकारी चळवळीचा विषय घ्यावा, साधने हाताशी आहेत, तीन-चार वर्षांत काम पुरे होईल, असे त्यांचे म्हणणे होते. ‘बाहेर बसा, विचार करा, दहा मिनिटांनी सांगा.’

बाहेर बाकावर फायली मांडीवर घेऊन उमेदवार बसले होते. माझ्यानंतर जिचा क्रमांक होता, त्या मुलीने काय झाले ते विचारले आणि ऐकून हलक्या आवाजात म्हणाली, ‘ताई, हो म्हणून टाका. विषय नंतर बदलता येतो.’ तिचे काही चुकत नव्हते. तिच्या फायलीतला विषयही बहुधा असाच कोणीतरी सुचवलेला असावा. मी आत गेले आणि नाही म्हणाले. यादी लागली तेव्हा तीत माझे नाव नव्हते. समितीने माझ्यावर अन्याय केला असे मी म्हणत नाही. त्यांच्या हाती जे होते, ते त्यांनी मला देऊ केले होते.

तेव्हा मला स्वतःच्या उत्तराबद्दल तिळमात्र शंका नव्हती. प्रबंध ही पाच वर्षांची सोबत आहे, ती मनाविरुद्ध पत्करायची नाही, अशी माझी धारणा होती आणि आजही ती बऱ्याच अंशी आहे. पण ‘तपासणार कोण?’ हा प्रश्न मला सोडत नाही. मी त्या दिवशी हो म्हटले असते, सहकारावर प्रबंध लिहून पुढे मार्गदर्शक म्हणून मान्यता मिळवली असती, तर काही वर्षांनी महजरांवर काम करू पाहणाऱ्या एखाद्या मुलीला दारातून परत जावे लागले नसते. मोडी वाचणाऱ्यांनी नकार देत राहायचे आणि मोडी वाचणारा मार्गदर्शक नाही म्हणून तक्रारही करायची, हे कुठवर चालणार? याला त्या वेळची मी असे उत्तर देते की, पाच वर्षे वार्षिक अहवाल आणि छापील ठराव चाळल्यावर मोडीवरची नजर टिकत नाही, आणि ‘नंतर करू’ म्हणून बाजूला ठेवलेले विषय तसेच राहिलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत. दोघींचेही म्हणणे मला पटते, म्हणून मी अजून इथेच आहे.

‘मग परदेशात अर्ज करा’ हेही वारंवार सुचवले जाते. तिथे निवड झाली तर शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळतो, हे खरे. पण माझे कागद इथे दप्तरखान्यात आहेत, घरी आजारी सासूबाई आहेत आणि महाविद्यालयातील तासिका सोडल्या तर पुढच्या वर्षी त्या मिळतीलच अशी हमी नाही. २०२४ पासून नेटचेच गुण पीएच.डी. प्रवेशासाठी धरले जाऊ लागले, तेव्हा आता सारे सोपे झाले म्हणून पुष्कळांनी माझे अभिनंदन केले. त्याच वर्षी जूनमध्ये झालेली नेट दुसऱ्याच दिवशी रद्द झाली आणि मुलांना ती पुन्हा द्यावी लागली, हे वेगळेच. सुधारणा झाली ती परीक्षेत. मोडी वाचणारा मार्गदर्शक त्यातून मिळत नाही.

माझ्यासाठी पदवी ही शोभेची वस्तू नाही. कायम नियुक्तीच्या छाननीत पीएच.डी.ला नेटपेक्षा कितीतरी अधिक गुण आहेत आणि घर माझ्या तासिकांवर चालत नाही, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. यंदा एका विद्यापीठात मध्ययुगीन इतिहासाची एक जागा निघण्याची शक्यता आहे. त्या मार्गदर्शकांना मोडी येत नाही, पण शिकायची तयारी आहे, असे त्यांनी मला फोनवर सांगितले. मार्गदर्शकानेच विद्यार्थ्याकडून लिपी शिकायची, हे समितीला चालेल का, आणि मला तरी चालेल का, याचा विचार मी करते आहे. अर्ज भरायचा की नाही, हे अजून ठरलेले नाही.